९ नोव्हेंबरनंतर तो कुठे गेला? (जॅक द रिपर आणि विज्ञानकथांच्या टाय-इन कादंबऱ्या)

मागोवा (धागाकर्ती)

आधीच सांगते, या धाग्यात रहस्यभेद भरपूर आहेत. ज्यांनी 'स्टार ट्रेक', 'बॅबिलॉन फाइव्ह' किंवा 'डॉक्टर हू'मधले हे भाग आणि पुस्तकं अजून पाहिली-वाचली नसतील त्यांनी इथूनच मागे फिरावं.

टाय-इन म्हणजे एखाद्या मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या जगात, हक्कदाराच्या परवानगीने लिहिलेलं पुस्तक. कधी पडद्यावरच्याच भागाचं कथारूप असतं, कधी पूर्ण नवी कादंबरी. या पुस्तकांत खरे गुन्हेगार अधूनमधून येतात, पण लंडनच्या १८८८ च्या खुन्याइतका, म्हणजे जॅक द रिपरइतका, कुणीच आलेला नाही. कारण उघड आहे: तो सापडला नाही. जागा रिकामी आहे, तिथे लेखक काहीही बसवू शकतो.

तीन ठळक उत्तरं घ्या. 'स्टार ट्रेक'च्या २२ डिसेंबर १९६७ च्या भागात तो माणूसच नाही. भीतीवर जगणारं एक अस्तित्व आहे, एका शरीरातून दुसऱ्यात जातं, नाव रेडजॅक. 'बॅबिलॉन फाइव्ह'मध्ये १९९५ साली सेबॅस्टियन नावाचा चौकशी करणारा येतो. व्हॉर्लॉन नावाच्या परग्रहवासीयांनी त्याला लंडनहून उचलून नेलं आणि शतकानुशतकं शिक्षा म्हणून राबवलं. 'डॉक्टर हू'च्या १९९८ सालच्या 'मेट्रिक्स' या कादंबरीत (लेखक रॉबर्ट पेरी आणि माइक टकर) रिपरच्या जागी व्हॅलयार्ड उभा आहे, म्हणजे मालिकेचा नायक असलेल्या खुद्द डॉक्टरचंच काळं रूप. पुढे २०११ साली त्याच मालिकेच्या पडद्यावर मादाम व्हॅस्त्रा एका वाक्यात सांगून टाकते की तिने रिपरला खाल्लं.

माझं म्हणणं असं की चारही उत्तरं एकाच प्रश्नाची आहेत: ९ नोव्हेंबर १८८८ नंतर, म्हणजे शेवटच्या समजल्या जाणाऱ्या खुनानंतर, तो कुठे गेला? आणि हा प्रश्न वाटतो तितका पक्का नाही. पण आधी तपशिलांकडे वळू. कुठे काय बरोबर आहे, काय चुकलंय, ते या धाग्यात जमवू या.

घड्याळजी

छान विषय. रेडजॅकबद्दल थोडी भर घालतो.

तो भाग रॉबर्ट ब्लॉकने लिहिला. त्याची १९४३ सालची एक कथा रिपरवरच होती, त्यात खुनी पन्नास वर्षांनंतरही जिवंत असतो, खून हेच त्याच्या दीर्घायुष्याचं साधन. टीव्हीसाठी त्याने तीच कल्पना अंतराळात नेली. जेम्स ब्लिशने त्याचं कथारूप केलं ते १९७२ च्या 'स्टार ट्रेक ८' या संग्रहात, सहा कथांपैकी एक. ब्लिश पटकथेवरून लिहीत असे, चित्रित भागावरून नव्हे, त्यामुळे त्याच्या कथारूपांत आणि पडद्यावरच्या भागांत बारीक फरक सापडतात. 'कथारूपात असं आहे' आणि 'भागात असं आहे' ही दोन वाक्यं वेगळी ठेवायला हवीत. चर्चांमध्ये इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

भागात संगणक जी यादी वाचतो ती अशी: लंडन १८८८, शांघाय १९३२, किएव्ह १९७४, मंगळावरच्या वसाहती २१०५, अल्फा एरिडानी २ वरचं हेलिओपोलिस २१५६. आता किएव्ह बघा. १९६७ मध्ये १९७४ हे भविष्य होतं, लेखकाने बिनधास्त लिहिलं. सात वर्षांत ते वर्ष येऊन गेलं आणि तिथे तसं काही झालेलं नव्हतं. त्यानंतर या विश्वात लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे पेच उभा राहिला: पडद्यावरचं खोटं ठरवता येत नाही, आणि इतिहासाशी जुळवताही येत नाही. खऱ्या गुन्हेगाराला खऱ्या भूगोलात, नजीकच्या वर्षात बसवलं की असं होतं. २१०५ ची नोंद अजून शाबूत आहे, १९७४ ची नाही.

शेवटची युक्तीही नीट समजून घ्या. रेडजॅक जहाजाच्या संगणकात शिरतो. त्याला हुसकायला जहाजावरचा अधिकारी स्पॉक संगणकाला 'पाय'ची किंमत शेवटच्या अंकापर्यंत काढायला सांगतो. 'पाय' अपरिमेय आहे, हे लाम्बर्टने अठराव्या शतकातच सिद्ध केलं होतं, म्हणजे शेवटचा अंक नाहीच. एकेक करत सगळे कप्पे त्या कामाला जुंपले जातात आणि त्या अस्तित्वाला बसायला जागा उरत नाही. मग ते हेंगिस्टच्या (ज्याच्या शरीरात ते आधी होतं त्या माणसाच्या) मृत शरीरात परत शिरतं आणि त्या शरीराला ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्राने, अंतराळात जास्तीत जास्त विखरून टाकलं जातं. आजच्या संगणकावर हा उपाय चालणार नाही. कार्यप्रणाली एका कामाला सगळी साधनं देऊन बसत नाही, मर्यादा घालते.

पूर्वरंग

'बॅबिलॉन फाइव्ह'च्या त्या भागातली एक चूक नोंदवायला हवी. पहिल्या प्रक्षेपणात संवाद असा होता की हे खून लंडनच्या वेस्ट एंडमध्ये झाले. ते झाले ईस्ट एंडमध्ये. वेस्ट एंड म्हणजे नाटकगृहं, दुकानं, श्रीमंत वस्ती. व्हाइटचॅपेल आणि स्पिटलफील्ड्स हा पूर्वेचा कामगार भाग. प्रेक्षकांनी दाखवून दिल्यावर नंतरच्या प्रतीत तो शब्द बदलून घेतला. टीव्हीवर एक शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित करता येतो. छापलेल्या पुस्तकात पुढची आवृत्ती निघेपर्यंत चूक तशीच राहते, आणि टाय-इन पुस्तकांची दुसरी सुधारित आवृत्ती क्वचितच निघते.

मागोवा

दोघांचेही आभार. आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

रिपरचे पाच बळी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मेरी ॲन निकोल्स, ३१ ऑगस्ट, बक्स रो. ॲनी चॅपमन, ८ सप्टेंबर, २९ हॅन्बरी स्ट्रीटचं मागचं अंगण. एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरीन एडोज, दोघी ३० सप्टेंबरच्या एकाच रात्री, बर्नर स्ट्रीट आणि मिटर स्क्वेअर. मेरी जेन केली, ९ नोव्हेंबर, १३ मिलर्स कोर्ट.

पण पोलिसांच्या 'व्हाइटचॅपेल खून' या नोंदीत अकरा खून आहेत. सुरुवात एप्रिल १८८८ मधल्या एमा स्मिथपासून, मग ७ ऑगस्टला मार्था टॅब्रम. केलीनंतरही नोंद थांबत नाही: जुलै १८८९ मध्ये ॲलिस मॅकेन्झी, आणि शेवट फ्रान्सेस कोल्स, १३ फेब्रुवारी १८९१. मग 'पाच आणि पाचच' आलं कुठून? मुख्यतः मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याच्या २३ फेब्रुवारी १८९४ च्या टिपणातून. आणि मॅकनॉटन तर १८८९ मध्ये स्कॉटलंड यार्डात आला, म्हणजे खुनांच्या वेळी तो तिथे नव्हताच.

म्हणून 'केलीनंतर तो अचानक नाहीसा झाला' हे वाक्यच मुळात एका अधिकाऱ्याच्या मतावर उभं आहे. मॅकेन्झी किंवा कोल्स त्याचे बळी असतील, तर तो नाहीसा झालाच नाही. मग परग्रहवासीयांनी उचलून नेण्याची, दुसऱ्या शरीरात जाण्याची गरजच उरत नाही. टाय-इन लेखकांनी ज्या पोकळीत आपलं विश्व बसवलं ती पोकळी १८९४ च्या एका कागदाने तयार केली आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि यावर मी वाचलेल्या एकाही कादंबरीने कथानक उभारलेलं नाही याची खंत वाटते.

घड्याळजी

मागोवाताई, पूर्ण सहमत. फक्त एक जोड: पाच हा आकडा मॅकनॉटनच्याही आधी डॉ. थॉमस बॉन्डच्या अहवालात दिसतो, १० नोव्हेंबर १८८८. त्याने हे पाचही एकाच हाताचे मानले. त्याच अहवालात तो म्हणतो की खुन्याला शरीररचनेचं ज्ञान नव्हतं, खाटकाइतकंही नाही. उलट डॉ. बॅगस्टर फिलिप्सला चॅपमनच्या वेळी ज्ञान असल्यासारखं वाटलं होतं. कादंबऱ्यांनी फिलिप्सचं मत उचललं आणि खुन्याला डॉक्टर करून टाकलं. बॉन्डचं मत नाट्यमय नसल्यामुळे बाजूला पडलं.

हुरूप

मी वाचक म्हणून धागा पाहत होतो, आता एक प्रश्न विचारतो. याच घटनेवर मराठीत एक दीर्घ विज्ञानकथा लिहायची आहे. कुणाच्या मालिकेचं जग नाही, स्वतंत्र. काळप्रवासी ३० सप्टेंबरच्या रात्री मिटर स्क्वेअरमध्ये उतरतो. काय काय तपासून घ्यावं? कुठे हमखास चुकतं?

घड्याळजी

हुरूप, सगळ्यात आधी नाव तपासा. 'जॅक द रिपर' हे नाव 'डिअर बॉस' या पत्रातून आलं. पत्रावर तारीख २५ सप्टेंबर, सेंट्रल न्यूज एजन्सीला मिळालं २७ ला, त्यांनी पोलिसांकडे पाठवलं २९ ला, आणि लोकांसमोर आलं १ ऑक्टोबरला. म्हणजे ३० सप्टेंबरच्या रात्री रस्त्यावरच्या कुणालाही हे नाव ठाऊक नव्हतं. तुमच्या कथेत हवालदाराच्या, बाईच्या, पब चालवणाऱ्याच्या तोंडी त्या रात्री 'जॅक' आला की कथा तिथेच चुकली. सप्टेंबरभर लोक 'लेदर ॲप्रन' म्हणत होते. त्या नावाने जॉन पायझर नावाच्या चांभाराला १० सप्टेंबरला धरलं आणि सोडून दिलं. पत्र बहुधा एखाद्या पत्रकाराने लिहिलं, असं त्या वेळच्या वरिष्ठ पोलिसांचंही मत होतं.

अजून एक सापळा: १६ ऑक्टोबरला व्हाइटचॅपेलच्या दक्षता समितीचा अध्यक्ष जॉर्ज लस्कला अर्ध्या मूत्रपिंडासोबत आलेलं 'फ्रॉम हेल' पत्र. त्यावर 'जॅक द रिपर' अशी सही नाहीच. कित्येक लेखक सही टाकून मोकळे होतात.

मिटरची_वाट

त्या रात्रीची मिनिटं देतो, हुरूप. नकाशा पुढ्यात ठेवून वाचा.

बर्नर स्ट्रीटवर १२:४५ च्या सुमारास इस्राएल श्वार्ट्झने एका माणसाला स्ट्राइडशी झटापट करताना पाहिलं. १:०० वाजता लुई डीमशुट्झ घोडागाडी घेऊन डटफील्ड्स यार्डात शिरला, तट्टू बिचकलं, चाबकाच्या दांड्याने चाचपलं तर खाली देह. त्याच वेळी, एक वाजता, बिशप्सगेट पोलीस ठाण्यातून कॅथरीन एडोजला सोडलं. संध्याकाळी दारूच्या नशेत सापडली म्हणून तिला आत ठेवलं होतं. आत आणलं तेव्हा नाव विचारल्यावर तिने 'काही नाही' असं सांगितलं, आणि सुटताना 'मेरी ॲन केली, ६ फॅशन स्ट्रीट' असं. या खोट्या नावावरून पुढे कटाचे डोलारे उभे राहिले, कारण शेवटच्या बळीचं नाव मेरी जेन केली. पण केली हे एडोजच्या जोडीदाराचं आडनाव होतं, जॉन केली. त्यामुळे तिने तेच सांगावं यात आश्चर्य काहीच नाही. तुमच्या कथेत या नावावर काही गूढ बांधू नका.

आता चौक. मिटर स्क्वेअरला तीन वाटा: मिटर स्ट्रीटवरून गाडी जाईल एवढी, चर्च पॅसेज अरुंद, आणि सेंट जेम्सेस प्लेसकडचा बोळ. शिपाई एडवर्ड वॉटकिन्सची फेरी १२ ते १४ मिनिटांची. १:३० ला तो चौकातून गेला, काही नव्हतं. १:३५ ला जोसेफ लॉएन्ड आणि त्याचे दोन सोबती ड्यूक स्ट्रीटवरच्या क्लबातून बाहेर पडले, चर्च पॅसेजच्या तोंडाशी एक बाई आणि एक पुरुष उभे दिसले. १:४० नंतर लगेच जेम्स हार्वी हा दुसरा शिपाई चर्च पॅसेजच्या टोकापर्यंत येऊन परतला. १:४४ ला वॉटकिन्स पुन्हा चौकात आला आणि कंदिलाच्या उजेडात त्याला देह दिसला. तो धावत गेला तो समोरच्या गोदामात, पहारेकरी जॉर्ज मॉरिसकडे.

म्हणजे तुमच्या काळप्रवाशाला १:३० ते १:४४ या चौदा मिनिटांत काय ते करायचं आहे, आणि त्यात हार्वी बोळाच्या तोंडाशी येऊन जाणार. काळप्रवासी १:४१ ला चर्च पॅसेजमध्ये उभा असेल तर हार्वीने त्याला पाहायलाच हवं. बर्नर स्ट्रीटपासून मिटर स्क्वेअर सव्वा किलोमीटरच्या आत, चालत १२ ते १५ मिनिटं. दोन्ही खून एकाच माणसाचे मानायचे तर वेळ पुरतो, पण त्याला रेंगाळायला वाव नाही.

यानंतर गूलस्टन स्ट्रीट. २:५५ ला शिपाई आल्फ्रेड लाँगला एका इमारतीच्या दारात एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा आणि वर भिंतीवर खडूने लिहिलेली ज्यूंबद्दलची ओळ सापडली. २:२० ला तिथून गेलो तेव्हा तुकडा नव्हता, असं त्याने सांगितलं. मग मधला निदान अर्धा तास खुनी कुठे होता? तिथे लेखकाला खरीखुरी मोकळी जागा आहे, मॅकनॉटनने बनवलेली नव्हे, नोंदीतली. काळप्रवाशाची गाठ घालायची तर इथे घाला.

पूर्वरंग

वा, हा मुद्दा फार चांगला काढलात.

मी हद्दीबद्दल लिहितो. मिटर स्क्वेअर सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या हद्दीत, बाकी चार जागा मेट्रोपोलिटन पोलिसांच्या. गणवेशातले बिल्ले वेगळे, वरिष्ठ वेगळे, मरणोत्तर चौकशी करणारा कोरोनरही वेगळा. निकोल्स, चॅपमन, स्ट्राइड यांची चौकशी विन बॅक्स्टरने केली, एडोजची लॅंगहॅमने, केलीची मॅक्डॉनल्डने, तीही १२ नोव्हेंबरला एका दिवसात गुंडाळली. गूलस्टन स्ट्रीट पुन्हा मेट्रोपोलिटनचा. म्हणून भिंतीवरची ओळ छायाचित्र काढण्याआधी पुसायचा आदेश मेट्रोपोलिटनचे आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी दिला, पहाटे साडेपाचच्या सुमारास. ज्यूंविरुद्ध दंगल होईल ही भीती होती. सिटीचे पोलीस छायाचित्रासाठी थांबा म्हणत होते. कथेत इन्स्पेक्टर ॲबरलाइनला मिटर स्क्वेअरचा तपास करताना दाखवलंत तर हद्द चुकली. तो मेट्रोपोलिटनचा.

तपासाची साधनंही काळानुसार ठेवा. बोटांचे ठसे नकोत. स्कॉटलंड यार्डाचा ठसे विभाग १९०१ चा. त्याआधी १८९७ मध्ये कलकत्त्यात तो सुरू झाला होता, आणि वर्गीकरणाच्या त्या पद्धतीवर अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांनी काम केलं होतं, श्रेय मात्र एडवर्ड हेन्रीच्या नावाने गेलं. रक्त माणसाचं की जनावराचं, हे ओळखण्याची चाचणी १९०१ ची. रक्तगटही तेव्हाच्याच सुमाराचे. १८८८ मध्ये सुरीवर रक्त सापडलं तर ते खाटकाचं असू शकतं एवढंच म्हणता येत होतं, आणि त्या वस्तीत खाटीक भरपूर.

घड्याळजी

धुकं काढून टाका, हुरूप. खुनांच्या त्या चारही रात्रींत दाट धुकं नव्हतं. ३० सप्टेंबरच्या आधी पाऊस झाला होता, तेव्हा ओले दगड आणि त्यावर गॅसच्या दिव्याचा उजेड, एवढं पुरे. उंच टोपी आणि झगाही नको. साक्षीदारांनी सांगितलेल्या टोप्या साध्या आहेत: लॉएन्डने पुढे झडप असलेली कापडी टोपी सांगितली. हातातली काळी बॅग आली ती लिऑन गोल्डस्टाइन नावाच्या माणसाकडून. बर्नर स्ट्रीटवर फॅनी मॉर्टिमरने त्याला बॅग घेऊन जाताना पाहिलं. तो स्वतःहून पोलिसांकडे गेला, बॅगेत सिगारेटची रिकामी खोकी होती. खुलासा झाला तरी बॅग खुन्याच्या हाताला चिकटली ती चिकटलीच.

शब्दवेल

एवढ्या मिनिटांच्या हिशोबात बायका कुठे हरवल्यात ते बघा. हीच माझी टाय-इन पुस्तकांवरची तक्रार आहे. परग्रहवासी, काळं रूप, ऊर्जेचं अस्तित्व, सगळं खुन्याभोवती. बाई पहिल्या पानावर येते आणि दुसऱ्या पानावर मरते.

हुरूप, तुम्ही एडोजला जिवंत दाखवणार असाल तर तिच्याजवळच्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी वाचा. अंगावर कपड्यांचे थरावर थर, कारण ठेवायला घर नाही. चहाचा एक डबा, साखरेचा एक डबा. दोन छोट्या मातीच्या चिलमी. साबणाचे सहा तुकडे. बारीक दातांची फणी, पांढऱ्या मुठीची सुरी, पत्र्याचा चमचा. काड्यापेटीचा रिकामा डबा. लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचून ठेवलेल्या टाचण्या आणि सुया. मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या, त्यातली एक जॉन केलीच्या बुटांची. ती दोघं केंटला हॉप्सच्या (बिअरसाठी लागणाऱ्या फुलांच्या) तोडणीला जाऊन नुकती परतली होती, हातात पैसे उरले नव्हते, म्हणून बूट गहाण टाकले.

ही यादी वाचल्यावर त्या बाईचा दिवस दिसतो. काळप्रवाशाने तिला काही द्यायचं ठरवलं तर काय द्यावं, हे या यादीवरूनच कळतं. तिच्याकडे चहा-साखर आहे, आग पेटवायला काडी नाही.

पैशांचा हिशोबही बरोबर हवा. तेव्हा १२ पेन्स म्हणजे एक शिलिंग, २० शिलिंग म्हणजे एक पौंड. धर्मशाळेसारख्या त्या निवासांत एका रात्रीच्या खाटेला ४ पेन्स. निकोल्सकडे ते चार पेन्स नव्हते म्हणून ती ३१ ऑगस्टला बाहेर होती, नवी बॉनेट डोक्यावर घालून. केलीचं भाडं आठवड्याला साडेचार शिलिंग आणि थकबाकी २९ शिलिंग, म्हणजे साडेसहा आठवड्यांच्या आसपास. घरमालकाचा माणूस ९ नोव्हेंबरला सकाळी पावणेअकराला भाडं मागायलाच गेला होता, म्हणून देह सापडला. 'चार आण्यांत खोली' असं कुठेही लिहू नका. वाचकाला ओळखीचं वाटेल, पण तिथल्या गरिबीचं माप चुकेल.

मिटरची_वाट

शब्दवेल, तुमचं म्हणणं मान्य, पण 'मेट्रिक्स'ला थोडी सूट द्या. ती १८८८ वर थांबत नाही, बदललेलं १९६३ दाखवते. लंडनवर रिपरची सावली पसरलेली आहे. १९६३ हे मालिका सुरू झाली ते वर्ष, म्हणून ती निवड. नारळीकरांनी पानिपतावर लिहिताना एकच गोष्ट बदलली, विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून गेली, आणि बाकी इतिहास त्यावरून उलगडला. इथे बदल 'कुणी मारलं' यात केला आहे. तंत्र तेच, पण पानिपताचा बदल मोजता येतो: कोण जिंकलं, कोण राज्य करतंय. खुन्याची ओळख बदलून समाज कसा बदलला, हे दाखवायला लेखकांना एक अख्खी अंधश्रद्धा रचावी लागली.

शब्दवेल

सूट देते, पण माझी तक्रार तिथेच आहे. खुनी परग्रहावरचा किंवा काळाच्या पलीकडचा ठरला की व्हाइटचॅपेलचं सगळं सुटतं: चार पेन्स नसणं, निवारा नसणं, पोलिसांनी त्या बायकांना ज्या नजरेने पाहिलं ते. रेडजॅकच्या भागात तर थेट सांगितलंय की बायका जास्त घाबरतात म्हणून तो बायकांना मारतो. म्हणजे खुन्याची भूक आणि बळीचा दोष एकाच वाक्यात. १९६७ चं लिखाण म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही, कारण ब्लिशची ती पुस्तकं पुढे वर्षानुवर्षं छापली आणि वाचली गेली.

मागोवा

हे वाक्य मलाही फार खटकलं होतं. लिहिलंत, बरं केलंत.

हुरूप

सगळ्यांचे आभार. एक उपप्रश्न: हेच रामन राघवबद्दल मुंबईत केलं तर? जागा ओळखीच्या, भाषा ओळखीची.

घड्याळजी

माझं मत: नको, आणि कारण कथेच्या रचनेतलंच आहे. रामन राघव २७ ऑगस्ट १९६८ ला पकडला गेला, रमाकांत कुलकर्णींच्या देखरेखीखालच्या तपासात. खटला झाला, फाशी झाली, मानसिक आजारामुळे ती जन्मठेपेत बदलली, आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये तो वारला. रिपरच्या बाबतीत लेखकाला जी रिकामी जागा मिळते ती इथे नाहीच. नाव आहे, कबुली आहे, डॉक्टरांचे अहवाल आहेत. तिथे परग्रहवासी बसवायचा तर न्यायालयाची नोंद खोटी पाडावी लागेल. आणि बळी फुटपाथवर, झोपडीत झोपलेली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं आज याच शहरात आहेत.

शब्दवेल

+१. मेलेल्या माणसांची नातवंडं तुमची कथा वाचू शकतात, हे आधी लक्षात घ्यावं.

हुरूप

पटलं. मग लंडनच. आराखडा असा केलाय: प्रवासी १:३० नंतर सेंट जेम्सेस प्लेसच्या बोळातून येतो, म्हणजे लॉएन्ड आणि हार्वी दोघांच्याही वाटेत येत नाही. त्याला खुनी थांबवता येत नाही. त्याचं काम एडोज ठाण्यातून सुटते तेव्हापासून सुरू होतं, १:०० वाजता. ती बिशप्सगेटहून बाहेर पडते, तो तिच्यासोबत चालतो. शब्दवेल म्हणाल्या तशी तो तिला काडीपेटी देतो. 'जॅक' हा शब्द कथेत कुठेच नाही. आणि शेवटी, १८९१ मध्ये तो पुन्हा उतरतो, फ्रान्सेस कोल्सच्या रात्री, कारण पाचच होते असं त्याने गृहीत धरलं होतं.

मागोवा

हुरूप, शेवटाची कल्पना फार आवडली. हाच मुद्दा मला कादंबरीत वाचायचा होता.

मिटरची_वाट

आराखडा चांगला आहे, पण दोन दुरुस्त्या. ठाण्यातून बाहेर पडल्यावर एडोज डावीकडे वळली, हाउन्ड्सडिचच्या दिशेने. तिचा मुक्काम होता फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटला, तो दुसरीकडे. म्हणजे ती घराकडे निघालेली नव्हती. 'घरी सोडतो' असा संवाद प्रवाशाच्या तोंडी असेल तर तो बदला.

दुसरं, काडीपेटी. पोलिसांच्या यादीत काड्यापेटीचा डबा रिकामा आहे. प्रवाशाने दिलेली भरलेली पेटी तिच्याकडे राहिली तर यादी बदलते. एक तर तिने काडी वापरून पेटी त्याला परत दिली पाहिजे, किंवा त्याने एकच काडी ओढून तिची चिलीम पेटवून द्यावी. माझ्या मते दुसरं बरं. चिलमी दोन होत्या.